याकोबमामांची लाकडं

याकोबमामा किती चिडलेत हे त्यांच्या तोंडावरून कधीच कळत नाही. ते कळतं अंगणातल्या फोडलेल्या लाकडांवरून. ढीग गुडघ्याएवढा असला तर कुणीतरी किरकोळ काही बोललेलं असतं. ढिगानं खिडकी झाकली की प्रकरण मोठं.

आखाडा बाळापूरच्या आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर एकच, ते मामांचं. मी मूळचा कोकणातला. नववीतून शाळा सोडली आणि टायरच्या दुकानातल्या नोकरीपायी इतक्या लांब आलो. परक्या माणसाला खोली कुणी देईना. मामांनी नाव विचारलं, जेवलास का विचारलं आणि किल्ली हातात ठेवली. आपल्या हातून काही चूक होईल आणि ही खोली जाईल, ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून आहे. अजून गेलेली नाही. धास्तीही आणि खोलीही.

मामा गाडीवर ड्रायव्हर होते, आता रिटायर. ड्रायव्हर असून तोंडात शिवी नाही, यावर गावाचा अजून विश्वास बसलेला नाही. सायकलवरून स्वतःच्या अंगणात वळतानाही ते हात काढून दाखवतात. भर दुपार, रिकामी गल्ली, मागं एक शेळी.

"मामा, मागं कुणी नाही," मी एकदा म्हटलं.

"शेळी हाय ना. अन् तू बघून राहिला का न्हाई? झालं मंग!"

त्यांचा आवडता शब्द साक्ष. कोर्टातली नव्हे. ख्रिस्ती माणूस कसा वागतो त्यावरून लोक त्याच्या देवाची पारख करतात, ती साक्ष. "तुमच्यातलं कोनी चुकलं तं लोकं त्याचंच नाव घेतेत," मामा समजावतात. "मी चुकलो का थेट येशूचं नाव खराब. गावात दुसरं कोनी न्हाई ना वाटून घ्यायला!"

बाजारात सगळे शेंगा चाखून घेतात. मामा चाखत नाहीत. चाखलं आणि विकत घेतलं नाही तर साक्ष जाते म्हणे. काकडीचंही तसंच. त्यामुळं कडू काकड्या नेमक्या त्यांच्याच पिशवीत येतात, आणि मामा त्या तोंड वाकडं न करता संपवतात. विकणारीनं दिलेलं टाकायचं कसं? ती तर तेव्हा तिकडं तिच्या गावात जेवत असते.

आता खरी गोष्ट. हा माणूस मुळात भयंकर तापट आहे. कुणी वाकडं बोललं की आधी कान लाल होतात, मग मिशी थरथरते. मग मामा शांतपणे म्हणतात, "बराबर हाय तुमचं. सलाम." एवढं बोलून घरी येतात आणि कुऱ्हाड उचलतात. ओढ्याकाठच्या वेड्या बाभळीची खोडं त्यांनी याचसाठी आणून टाकलेली असतात. पण रागातून निघालेलं सरपण ते स्वतःच्या घरात जाळत नाहीत. त्यांचा नियम असा, की ज्याच्यामुळं लाकूड फुटलं त्यानं यावं, बसून चहा प्यावा आणि मोळी घेऊन जावी.

हा नियम गल्लीला कळायला वेळ लागला नाही. थंडी पडायला लागली की सगळ्यांना मामांशी भांडण सुचतं. पलीकडच्या रखमाबाई शेळ्या पाळतात. त्यांची एक शेळी नेमकी तेव्हाच मामांच्या झेंडूत सुटते. गाद्या भरणारे सत्तारचाचा दारात येऊन म्हणतात, "काहून याकोबभाई, तुमच्या कोंबड्यानं माझी झोप मोडली!" कुऱ्हाड वाजायला लागते आणि संध्याकाळी चाचा हसत चहाला हजर.

मागच्या नाताळाला मामांचा मुलगा पुण्याहून लेकरांना घेऊन येणार होता. मामी गेल्यापासून तो आलेला नव्हता. मामांनी भिंतीला चुना दिला, करंज्या केल्या, दारावर कागदी चांदणी टांगली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते चांदणी दाखवत आणि सांगत, "नातीसाठी." मग मुलाचा फोन आला. सुट्टी मिळत नव्हती.

"बराबर हाय बेटा," मामा म्हणाले. "सलाम."

मी माझ्या खोलीत कुऱ्हाडीची वाट बघत बसलो. ती वाजलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

गल्ली घाबरली. सत्तारचाचा येऊन कोंबड्याला नावं ठेवून गेले. मामांनी कोंबडा झाकून ठेवला. रखमाबाईंनी शेळी सोडली. ती झेंडू ओलांडून सरळ दारात गेली आणि मागच्या पायांवर उभी राहून चांदणी खायला लागली. सगळे बघत राहिले. मामांचे कान लाल झाले नाहीत.

"खाऊ द्या," ते म्हणाले. "येनारं कोनी न्हाई आता."

रखमाबाईंचा आवाज फुटला. "अवो, चिडा की वो जरा! कवाच्यानं जीव टांगणीला लावून राहिले!"

"आमी काय उगंच तकलीफ देऊन राहिलो काय?" चाचा म्हणाले आणि जीभ चावली.

मामांनी एकेकाकडं बघितलं. "मुद्दाम चिडवता ते मला म्हाईत न्हाई व्हय? पयल्या हिवाळ्यापासून म्हाईत हाय. पन लाकडं नसती तं माझ्या घरी च्या प्यायला कोन आलं असतं?"

मामा उठले आणि चहाचं आधण ठेवलं. त्या दिवशी मोळी न घेता सगळे बसले. करंज्या संपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघालो. मामांनी अंगण नुकतंच सारवलं होतं, ओलं होतं. कडेनं जायला वाट होती. मी दुकानातले ग्रीसचे बूट घातले आणि मधूनच चालत गेलो, हळूहळू, नीट ठसे उमटवत. खोली गेली, असंच वाटत होतं.

"बराबर हाय तुझं," मागून आवाज आला. "सलाम."

मी फाटकापर्यंत पोचलो आणि कुऱ्हाड वाजली.

संध्याकाळी मी दुकानातून जरा लवकरच निघालो. मामांकडं चहाला जायचं होतं.