विहंगची गाय

विहंग तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरात त्याच्या वाटचंही बाकीचे बोलून घेत. त्याच्यासमोर केळं धरून त्याचा बाप नीलेश विचारी, "व्हॉट इज धिस?" आजी शारदाबाई विचारीत, "हे काय आहे रे, सांग आजीले." शेजारचे भार्गवकाका भिंतीवरून छत्तीसगढीत ओरडत, "का खात हस, बाबू?" आणि नर्सरीच्या मुलाखतीच्या धास्तीने त्याची आई मीनल हिंदीत विचारी, "बेटा, ये क्या है?" विहंग सगळ्यांकडे आळीपाळीने पाही आणि केळं खाऊन टाकी.

त्याला एकच बोलणं येत होतं. सकाळ-संध्याकाळ फाटकाशी एक तांबडी गाय पोळीसाठी येई. विहंग तिला "हंऽबा" म्हणे, आणि ती उत्तर देई.

एकदा जेवताना नीलेशने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "हा प्रश्न पाहा. जगातल्या साऱ्या भाषा येणं की जनावरांशी बोलता येणं? एकच निवडायचं."

"भाषाच," मीनल म्हणाली. "शाळेत मुलाखत मॅडम घेते, गाय नाही घेत."

"तुह्या पोट्ट्याने तर निवडून टाकलं बाप्पा!" शारदाबाई म्हणाल्या.

नीलेश हसला. मीनलने ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी तिने फर्मान काढलं, आजपासून घरात फक्त मराठी. चार भाषांत पोरगं गोंधळतं आहे.

फर्मान सोपं होतं, पण जिभा वळेनात. नीलेश "मीनल, मेरा चार्जर..." एवढं बोलून थांबे आणि बोटाने भिंतीतलं छिद्र दाखवी. पंडरीच्या बाजारातून आणलेल्या चादरीबद्दल शारदाबाईंना "एकदम सस्ती भेटली" म्हणायचं होतं. त्यांनी नुसतीच चादर उंच धरून मान डोलावली. चुकू नये म्हणून सगळेच गप्प झाले. मीठ हवं असलं की बोटं चोळायची, भात हवा असला की ताट वाजवायचं.

विहंग भलताच खूश झाला. घरातली माणसं अखेर वळणावर आली होती. त्यानेही ताट वाजवलं आणि हंबरला.

मीनल रडकुंडीला आली. समता कॉलनीतल्या, मुलांच्या डॉक्टर देवश्रींना तिने फोन केला. "घरात कसा असतो ते बघू या," म्हणत त्यांनी संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. विहंगने कॅमेऱ्याला केळं चिकटवलं.

"केळं दिसलं," पिवळ्या अंधारातून डॉक्टर म्हणाल्या. "आता सांगा, तुम्ही त्याच्याशी काय बोलता?"

"सगळं विचारते ना मॅडम. रंग, फळं, अंक..."

"विचारता. बोलता काय? आणि भाषा कितीही असू द्या हो, त्यात काही बिघडत नाही."

तेवढ्यात फाटकाची कडी शिंगाने वाजली. विहंग धावला. त्याच्यामागे फोन घेऊन मीनल, तिच्यामागे पोळी घेऊन शारदाबाई आणि शेवटी नीलेश.

विहंगने फाटकाचे गज धरले, मान तिरकी केली आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "खा बाई. तुलेच सांगते. माह्या हातचं काहीच पसंत नाही आमच्या आईंना."

मीनलच्या डोळ्यांत पाणी आलं. बोलला! अख्खं वाक्य बोलला! मग वाक्याचा अर्थ पोचला. रोज सकाळी पोळी घालताना ती मन मोकळं करी, आणि पायाशी विहंग असे. मागे वळून पाहायची तिची छाती होईना. शारदाबाईंच्या हातातली पोळी अधांतरी राहिली.

विहंगने आता कमरेवर हात ठेवला आणि आवाज जाड केला. "घे माय. सून गुणाची आहे, पण पोळी कशी चामड्यासारखी करते. तू कोणाले सांगू नको."

संध्याकाळची पोळी शारदाबाई घालीत. त्या एकदम रस्त्यावरच्या विजेच्या खांबाकडे पाहू लागल्या.

"बोलतोय की छान!" फोनमधून डॉक्टरांचा आवाज आला. त्यांना हसू आवरता आवरत नव्हतं. "आणखी कोणी पोळी घालतं का गायीला?"

रविवारची पोळी नीलेशची असे. त्याने विहंगला झटकन उचललं. "चल बेटा, केळं खाऊ, केळं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू आणि सून दोघीही फाटकाशी उभ्या होत्या. मीनलने पोळी घातली. गाय पोळी चघळत वाट पाहत राहिली. विहंगही.

शेवटी शारदाबाई खाकरल्या आणि गायीला म्हणाल्या, "आज मऊ झाली हो पोळी."

मीनलने गायीच्या कपाळावर हात फिरवला. "आईंनी कणीक मळून दिली न आज," तीही गायीलाच म्हणाली.

विहंगने दोघींकडे पाहिलं. गायीला नीट कळलं नसावं, असं त्याला वाटलं. त्याने गजांतून तोंड बाहेर काढलं आणि तिला समजावून सांगितलं, "हंऽऽबा."