पान अकरावरची दुरुस्ती

शेगडी पेटवायला काका सकाळी नऊला बसले, आणि साडेदहापर्यंत त्यांनी वर्तमानपत्राची चार पानं वाचून काढली.

खरं तर ती जाळायला म्हणून आणलेली रद्दी होती. पण काकांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. न वाचता कागद चुरगळणं त्यांच्या हाताला जमत नव्हतं. दोन महिन्यांपूर्वीच्या एका बातमीत एकच पूल दोनदा बांधून झाला होता. काकांनी कानामागची लाल पेन्सिल काढली, एक पूल खोडला, आणि मग कुठं तो कागद चुरगळला. या पेन्सिलीमुळे गल्लीत त्यांना लालपेन्सिल काका म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं.

आज मात्र वाचत बसण्याचा दिवस नव्हता. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी काकू हॉस्पिटलात होत्या. आठ दिवसांनी त्या घरी येणार होत्या, पण यापुढे वाकणं आणि उकिडवं बसणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाहेरच्या खोलीतली लोखंडी शेगडी तीस वर्षं काकूच पेटवत आल्या होत्या. पेटलेली शेगडी काकांच्या चांगल्या ओळखीची होती. पेटवली जात असताना ते आतल्या खोलीत वाचत असत.

मुलीनं सरळ हिशेब मांडला होता. शेगडी काढून टाकायची, घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी तिच्याकडे सहाव्या मजल्यावर राहायला यायचं. तिथं भिंतीवरचं बटण दाबलं की खोली गरम होते. त्यावर काका आयुष्यात पहिल्यांदा तिला नाही म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांनाच दचकायला झालं, पण शब्द काही त्यांनी परत घेतला नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली होती. "शनिवारी पाचला येते. भिंतीवरच्या तापमापकाचा काटा अठरावर दिसला पाहिजे. आणि शेगडी तुम्ही पेटवायची, बाबा. तुमच्या हातानं. नाही जमलं तर त्याच गाडीतून तुमचं सामान न्यायचं."

आज शनिवार होता. काटा तेरावर होता.

काकांचा भरवसा शेगडीबरोबर आलेल्या सोळा पानी माहितीपुस्तकावर होता. ते त्यांनी स्टुलावर उघडं ठेवलं आणि एकेक वाक्य पाळत गेले. खाली कागदाचे बोळे, त्यावर बारीक ढलपे, त्यावर मनगटाएवढी दोन लाकडं. धुराड्याची झडप उघडी असल्याची खात्री करावी, असं पान अकरावर होतं. पाइपावरची मूठ उभी असली की झडप उघडी. मूठ उभीच होती. काकांनी काडी ओढली.

पुढच्या दोन मिनिटांत त्यांना समोरची भिंत दिसेनाशी झाली. धुरानं धुराड्याकडे पाठ फिरवली होती आणि तो शेगडीच्या दारातून, फटींतून, मिळेल तिथून खोलीत येत होता. काकांनी खोकत खोकत खिडक्या उघडल्या. धूर गेला, त्याच्याबरोबर होती नव्हती ती ऊबही गेली, आणि काटा नऊवर आला.

चूक आपलीच असणार, हे काकांनी ताबडतोब मान्य केलं. ते नेहमीच तसं मानत. त्यांनी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं, जेवण विसरले, राख काढली आणि ढलपे अधिक बारीक करून दुसऱ्यांदा पेटवलं. तिसऱ्यांदा लाकडं बदलली. धूर तोच राहिला.

तिसऱ्या खेपेचा धूर खिडकीतून निघून वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे गेला. त्या एका गिऱ्हाइकाच्या अंगावर पांढरा कोट बेतत होत्या. त्या खाली आल्या, आणि कोट टाचण्यांनी अंगाला जोडलेला असल्यामुळे गिऱ्हाईकही हात पसरून त्यांच्या मागोमाग आलं. समोरच्या बेकरीवाल्यानं खिडकीतला धूर पाहिला आणि बादली घेऊन धावला. त्याला परत न्यायला त्याची बायको आली. मग पाव द्यायला दुकानात कोणीच उरलं नाही, म्हणून रांगेतली तीन गिऱ्हाइकंही आली. पोस्टमनला फक्त एक सही हवी होती.

आग लागलेली नाही हे कळल्यावर सगळे जरा हिरमुसले आणि तिथंच थांबले. फार गारठा आहे म्हणत शिवणवाल्या बाईंनी खिडक्या लावून घेतल्या. बेकरीवाल्यानं बाह्या सरसावल्या आणि तो पुढे झाला, तसे काका शेगडीसमोर आडवे उभे राहिले. इतक्या माणसांसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सांगा काय सांगायचं ते," ते म्हणाले. "हात मात्र कोणी लावायचा नाही."

मग प्रत्येकानं हात खिशात घातले आणि सांगायला सुरुवात केली. टाचण्यांच्या गिऱ्हाइकानं तेवढे घातले नाहीत. एकाच्या मते लाकूड ओलं होतं. धुराड्यात पक्ष्याचं घरटं असणार, असं पोस्टमनला वाटत होतं. तो दारोदार फिरायचा आणि असली घरटी त्यानं पाहिली होती. शिवणवाल्या बाईंचं म्हणणं, काकूंना बोलावल्याशिवाय ती शेगडी पेटणार नाही, ती त्यांच्या हाताची आहे. अर्धा तास असा गेला.

"झडप बघितलीत का?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"उघडी आहे. मूठ उभी आहे."

"माझ्या भट्टीची मूठ आडवी केली की उघडते."

"ही तुमची भट्टी नाही," काका नम्रपणे पण ठामपणे म्हणाले. "इथं छापलंय."

छापलंय म्हटल्यावर बेकरीवाल्याचा नाइलाज झाला. तरी त्यानं पुस्तक मागून घेतलं, चष्मा नाही म्हणून पोस्टमनकडे दिलं, आणि पोस्टमननं ते खिडकीच्या उजेडात धरलं. वाईट अक्षरं लावण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं.

"छापलंय 'आडवी'," तो म्हणाला. "ते खोडून कोणीतरी वर 'उभी' लिहिलंय. अक्षर फार सुंदर आहे. लाल आहे."

खोलीत नऊ माणसं होती. त्यांतली आठ माणसं काकांच्या कानामागे बघत होती.

काकांना ती संध्याकाळ आठवली. शेगडी नुकतीच बसवली होती आणि ते खुर्चीत पुस्तक वाचत होते. पान चार म्हणत होतं, मूठ उभी म्हणजे उघडी. पान अकरा म्हणत होतं, आडवी म्हणजे उघडी. दोन पानांत विसंगती. त्यांनी पान अकरा पान चारसारखं करून टाकलं, कारण पान चार आधी आलं होतं. शेगडी खुर्चीपासून चार पावलांवर होती. उठून बघावं, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

चाळीस वर्षांत लेखकांवर, खिळे जुळवणाऱ्यांवर, मालकांवरसुद्धा त्यांनी शंका घेतली होती. स्वतःवर तर दिवसातून दहा वेळा घेत. फक्त लाल अक्षरावर कधी घेतली नव्हती.

त्यांनी पुस्तक परत घेतलं. पेन्सिल काढून आपलं 'उभी' खोडलं आणि मूळच्या 'आडवी'खाली बारीक टिंबांची ओळ काढली. दुरुस्ती रद्द, होतं तेच राहू द्या, अशी ती खूण. ती त्यांनी इतरांच्या दुरुस्त्यांवर शेकडो वेळा केली होती. मग ते उठले आणि मूठ धरून जोर लावला. मूठ करकरली, अडली आणि आडवी झाली.

चौथी काडी. धूर क्षणभर घुटमळला, मग वर वळला, आणि धुराड्यात मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज झाला. बेकरीवाल्यानं इतका वेळ हातात धरलेली बादली खाली ठेवली.

पाचला दोन मिनिटं कमी असताना मुलगी आली. तिच्या हातात रिकामी सुटकेस होती. दारातूनच गर्दी बघून ती घाईघाईनं आत आली. आई ठीक आहे ना, असं तिनं विचारलं. मग तिनं पेटलेली शेगडी पाहिली, काजळी लागलेले बाबा पाहिले, आणि शेवटी भिंतीकडे पाहिलं. काटा बरोबर अठरावर होता.

"जिंकलात की, बाबा," ती म्हणाली. "ह्यांच्यापैकी कोणी हात लावला का?"

सगळ्यांनी एकदमच नाही म्हटलं. शिवणवाल्या बाईंनी तर शपथ घेतली.

काकांनीही काट्याकडे पाहिलं. शेगडीला पेटून दहा मिनिटंही झाली नव्हती. बंद खोलीत नऊ माणसं पाऊण तास श्वास टाकत होती, आणि बेकरीवाला तर थेट भट्टीसमोरून उठून आलेला. चूक दिसत होती. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं.

"हे अठरा चुकीचे आहेत," काका म्हणाले. "ही माणसांची ऊब आहे. त्यांना जाऊ दे. मग बघ."

बेकरीवाल्यानं कपाळाला हात लावला. एकेक जण निघाला, प्रत्येक जण जाताना दार उघडत होता, आणि शेवटी पोस्टमन सही घेऊन गेला तेव्हा काटा चौदावर होता. मुलगी सुटकेसवर बसली, कोटाची सगळी बटणं लावलेली. काका शेगडीसमोर उकिडवे बसले. काकांनी एक लाकूड सरकवलं. पंधरा. हवेची फट थोडी कमी केली. सोळा. तिथं काटा बराच वेळ अडला, आणि मुलीनं दोनदा घड्याळ पाहिलं. काकांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. आणखी एक लाकूड घातलं.

साडेसहाला मुलीनं कोट काढला आणि सुटकेसवर टाकला. काटा किती झाला, हे दोघांनीही पाहिलं नाही.

मग तिनं हॉस्पिटलात फोन लावला, बाबांना ऐकू यावा म्हणून मोठा केला आणि सगळं सांगितलं.

"आडवीच करायची असते ती," काकू म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी घरभर धूर झाला होता, तेव्हाच कळलं मला. हे बाहेर गेले होते."

"मग पुस्तकात नीट का नाही केलंस?"

"एवढ्या सुबक अक्षरात काढलेली चूक. खोडवेना गं मला." पलीकडून कूस बदलल्याचा आवाज आला. "आणि हे बघ, आता घरातलं सगळं तेच करणार असतील, तर वॉशिंग मशीनचं पुस्तक वरच्या कपाटात शालींमागे आहे. कुकरचंही तिथंच आहे. त्यांच्या हाती लागू देऊ नकोस."

मुलीनं बाबांकडे पाहिलं. बाबा वरच्या कपाटाकडे बघत होते.

मग काकांनी कानामागची लाल पेन्सिल काढली, मुलीला नीट दिसेल अशा बेतानं खिशात ठेवली, आणि शेगडीत पुढचं लाकूड घातलं.