कायदेअण्णांची कुलपं

कायदेअण्णा कुलपं जप्त करतात. आमच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या फाटकातून तुम्ही आत आलात की ते तुमचं नाव नंतर विचारतात. आधी बॅगेला कुलूप आहे का ते बघतात. असलं तर ते गेलंच म्हणून समजा. जप्त केलेली सगळी कुलपं एका खाकी पिशवीत घालून ते खांद्याला अडकवून हिंडतात. पिशवीचं वजन दीड वर्षाच्या वासराएवढं! अण्णा व्हरांड्यातून निघाले की भालकी रोडवरचा म्हशींचा कळप साखळ्या तोडून आत शिरला असं वाटतं. केंद्रात फक्त औषधांच्या कपाटाला कुलूप आहे, कारण तसा नियम आहे. तेही लावताना अण्णा तोंड फिरवतात.

खरं नाव चन्नबसप्पा. पूर्वी त्यांचं लोखंडी सामानाचं चालतं दुकान होतं. एके दिवशी ते मोडून आमच्याकडं आले. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. इथं त्यांचं काम एकच: सरकारी नियम पाळले जातात की नाही ते बघणं. रुग्णाची संमती त्याला कळणाऱ्या भाषेत घ्यावी, असा नियम. अण्णा तो कागद मराठीत वाचतात, मग कन्नडात, मग दखनीत. माणूस औरादकडचा असला तर तेलुगूतही. तोवर त्याची निम्मी उतरलेली असते. एकदा भिंतीवरून पाल पडली, तर घटनांच्या रजिस्टरात नोंद झाली: ‘पाल पडली. वेळ सव्वाअकरा. इजा नाही. नातेवाईक हजर नव्हते.’

मी हसलो की अण्णा बोट वर करायचे. “हसायलास व्हय दत्ता? आन् ते आले तर?”

‘ते’ म्हणजे तपासणीवाले. लायसन त्यांच्या हातात. लायसन गेलं तर आतली बावीस माणसं संध्याकाळपर्यंत गुत्त्यावर दिसतील, असं अण्णा म्हणायचे, आणि म्हणताना खरोखर थरथरायचे. ती भीती गोवरासारखी सगळ्या केंद्राला लागली होती. पांढरी जीप दिसली की स्वयंपाकीणबाई मीठ मोजायला लागायच्या. एकदा ठाणाकुशनूरकडची वरात पाणी प्यायला थांबली, तर अण्णांनी नवरदेवाला बाशिंगासकट औषधांचं कपाट आणि संडास दाखवून आणलं आणि ‘काही सूचना?’ म्हणून वहीवर त्याची सही घेतली.

मग एक दिवस ते खरंच आले.

त्याच सकाळी चिंताकी गावचा एक माणूस दाखल झाला होता. सही त्याने स्वतः केली होती, पण दुपारी अंग कापायला लागलं तसा तो “घरी जातो” म्हणून उठला. याआधी दोन ठिकाणांहून पळालेला गडी. सोबत आलेल्या मेहुण्याने पिशवीतून घोंगडी काढली, ताट काढलं आणि कुलूप काढलं. “आधीच्या दोन्ही ठिकाणी असंच होतं सर. कुलूप घरचंच आणावं लागलं.” अण्णा झेरॉक्स काढायला गेले होते. दहा मिनिटांचा तर प्रश्न, असं म्हणून मी, शिकला-सवरलेला समुपदेशक, मेहुण्याला त्याला मागच्या खोलीत घालून बाहेरून कुलूप लावू दिलं आणि जेवायला बसलो. मेहुणा चावी खिशात घालून बसने गावी गेला.

अण्णा फाटकातून आत आले, आणि त्यांच्या मागोमाग पांढरी जीप.

तपासणीला आलेल्या मॅडम कचेरीत रजिस्टरं चाळत बसल्या. मागे दारावर धडका सुरू होत्या. मी भरल्या ताटावरून उठलो. आणि मग धडका थांबल्या. दारू तुटलेल्या माणसाला कधी झटका येईल सांगता येत नाही, हे मीच सगळ्यांना शिकवतो.

मी अण्णांना कोपऱ्यात ओढलं. “अण्णा, मागच्या खोलीला कुलूप हाय. चावी चिंताकीच्या बसमध्ये.”

अण्णा चुन्यासारखे पांढरे पडले. “कुणी लावलं?”

“मी लावू दिलं.”

“कामून रे?”

“पळाला असता तर... तुम्ही मॅडमला तिकडं स्वयंपाकघर दाखवा, तोवर मी मागनं—”

अण्णा ऐकायला थांबलेच नाहीत. सरळ कचेरीत गेले. दातावर दात वाजत होते. “मॅडम, आमच्याकडं एक माणूस कोंडलाय. चला.”

आणि वर्षानुवर्षं वाहिलेली ती पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी गरगर फिरवून कुलपावर हाणली. तिसऱ्या घावाला कोयंडा उखडला, पिशवी फाटली आणि व्हरांडाभर कुलपं सांडली.

माणूस कोपऱ्यात होता, घामानं निथळत, डोळे दारावर. डॉक्टरांना हाक मारून अण्णा त्याच्यापुढं फरशीवर बसले. “दार उघडं हाय बाबा. जायचं तर जा. ऱ्हायचं तर मी हाय.” तो गेला नाही. त्यानं अण्णांच्या धोतराचा सोगा धरला.

मॅडमनी नोटीस दिली, पुन्हा न सांगता येऊ म्हणाल्या. लायसन तेवढं वाचलं. घटनांच्या रजिस्टरात अण्णांनी नोंद केली: ‘रुग्णास कोंडले. जबाबदार: चन्नबसप्पा.’ माझं नाव कुठंच नव्हतं.

संध्याकाळी माफी मागायला मी त्यांच्या घरी गेलो. पहिल्यांदाच. दार सताड उघडं, आत कुणी नाही. चौकटीवर कडीसुद्धा नव्हती. काढलेल्या कोयंड्याची चार भोकं तेवढी. एवढ्यात अण्णा पाण्याची घागर घेऊन आले.

“अण्णा, दिवसभर घर असं उघडं?”

त्यांनी घागर ठेवली. “माझं पोरगं पीत होतं रे. एका ठिकाणी टाकलो त्याला. लायसन न्हाई, कागद न्हाई. कुलूप घरनं आणा, म्हणले. माझं तर दुकानच होतं. सगळ्यात भारीतलं काढून दिलो.” घागरीवर झाकण ठेवत म्हणाले, “आता पीत न्हाई म्हणं. हैदराबादला असतोय. बोलत न्हाई माझ्यासंगं.”

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “पण अण्णा, चोर शिरला तर?”

अण्णांनी उंबऱ्याकडं बघितलं.

“आन् तो आला तर?”