मे महिन्यातला हीटर

तवंदीच्या घाटात, मे महिन्यातल्या भर अकरा वाजता जिनेंद्र मगदुमांनी गाडीचा हीटर पूर्ण लावला, तेव्हा त्रिशलाबाईंनी डोक्यावरचा ओला टॉवेल जरा बाजूला करून नवऱ्याकडे एकदा नीट बघितलं.

“अजून किती भाजायचं?”

“काटा बघ की. खाली यालाय.”

“काटा खाली यालाय आन् माझा जीव वर चाललाय!”

हीटरचा सल्ला आकाराम मिस्त्रीचा होता आणि तो काही खोटा नव्हता. इंजिनाची उष्णता हीटरवाटे आत ओढून घेतली की इंजिनाला तेवढाच दिलासा मिळतो. आत बसलेल्या माणसांचं काय करायचं, ते मिस्त्रीने सांगितलं नव्हतं.

जिनेंद्र कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तपासणी खात्याचे प्रमुख होते. चौदाशे अंशांवर वितळलेलं लोखंड त्यांच्या शब्दाबाहेर जात नसे. पण ही बावीस वर्षांची लाल टर्बो गाडी शंभर अंशांतच त्यांना घाम फोडत होती. कॉलेजात असताना अशीच एक गाडी त्यांनी ताराराणी चौकातून जाताना पाहिली होती. खोल घुमणारा आवाज, वळणावर रस्त्याला बिलगून गेलेलं लाल अंग... गाडी दिसेनाशी झाली तरी ते तसेच उभे राहिले होते. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, लेक शिकून पुण्याला गेली. पण त्यांच्यातलं कुणीतरी अजून त्या चौकातच उभं होतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी तसलीच गाडी जुन्या बाजारात दिसली, तेव्हा त्यांनी ती तिथल्या तिथं घेतली.

गेल्या दिवाळीपासून मात्र तिला हा आजार जडला होता. गावात फिरवा, काही नाही. हायवेला लावून वेग धरला की काटा चढायचा, आणि पंखा सुरू झाला की उतरायच्या ऐवजी आणखीच चढायचा. उचगावात आकारामच्या गॅरेजात थर्मोस्टॅट बदलून झाला, पाण्याचा पंप बदलून झाला, रेडिएटर नवा बसला. शेवटी मिस्त्रीने गाडी आपल्या दारात तासभर चालू ठेवली. काटा जागचा हलला नाही.

“मगदूमसाहेब,” हात पुसत तो म्हणाला, “इंजिनात कायबी न्हाय. ही गाडी तुमास्नी बघून तापती.”

घाट चढताना गाडी नेमकी स्तवनिधीच्या जैन देवस्थानाजवळ दमायची. ती निवेपर्यंत दोघं जाऊन दर्शन घेऊन येत. सहा महिन्यांत इतकी दर्शनं झाली की तिथला नारळवाला आता पाण्याची बाटली आधीच भरून ठेवायचा. “पुण्य साठालंय म्हणा,” असं जिनेंद्र एकदा म्हणाले होते. त्रिशलाबाई हसल्या नव्हत्या.

उलट त्यांनी गिऱ्हाईक शोधलं. बाळासो नावाचे उचगावचे एक दूधवाले होते, त्यांना अशी गाडी हवीच होती. ते आज संध्याकाळी पाच वाजता कोल्हापूरच्या घरी यायचे होते. म्हणजे गडहिंग्लजला आक्काकडं, जिनेंद्रांच्या थोरल्या बहिणीकडं, ह्या गाडीतून जाण्याची ही शेवटचीच खेप. जिनेंद्रांनी मान्य केलं होतं. वाद घालावा तर त्यांच्याकडं मुद्दाच नव्हता. नुसती आवड होती, आणि आवडीची तपासणी करता येत नाही.

साडेबारा वाजता गाडी आक्काच्या अंगणात शिरली. दोघं खाली उतरले तेव्हा अंगावरचे कपडे पिळून काढण्यासारखे झाले होते. आक्का दारातच थबकली.

“अय्यो! जिनू, पाऊस कुठं लागला रं?”

“पाऊस न्हाय आक्का, हीटर.”

“आक्का, काय इचारू नका,” त्रिशलाबाई म्हणाल्या. “आधी ताक द्या.”

गाडी लिंबाच्या सावलीत उभी होती, आणि तिच्या नाकासमोर उन्हात दोन बाजा टाकून आक्काने उडदाचे पापड वाळत घातले होते. तिघं अंगणाकडेच्या सोप्यावर ताक पीत बसली. अंगण शांत होतं. जिनेंद्र गाडीकडं बघत होते. उद्या ह्या वेळी ती दुसऱ्या कुणाच्या दारात असेल, असं काहीसं त्यांच्या मनात चाललं होतं.

एवढ्यात गाडीचा पंखा आपोआप सुरू झाला. इंजिन बंद केल्यावरही ते गरम असेल तर पंखा थोडा वेळ फिरतो, तसा. आणि बाजेवरचा पहिला पापड उठला.

तो अलगद उठला, काठावर क्षणभर उभा राहिला आणि उन्हात तरंगत निघाला. त्याच्या मागं दुसरा, मग चार, मग ओळीच्या ओळी. वाळलेले पातळ पापड, ऊन त्यांच्या आरपार दिसत होतं. काही तुळशीवर टेकले, काही शेजारच्या कौलांवर. जिनेंद्रांना वाटलं, हे असंच चालू राहावं. ह्या जगात घाई करण्यासारखं काही नाही.

“जिनू, बघत काय बसलास? धर की!” आक्का ओरडली. “दोन दिस राबलो मी त्यापायी! आन् गाडी बंद हाय न्हवं? मग फुकतंय कोण?”

जिनेंद्र धरायला उठले, आणि अर्ध्या अंगणात थांबले.

“आक्का, पापड उडाले.”

“ते मलाबी दिसालंय!”

“उडाय नको हुते. चिकटाय पायजे हुते.”

“त्रिशला,” आक्का हळूच म्हणाली, “ह्याला ऊन लागलंय. कांदा आण.”

पण जिनेंद्र एक पापड घेऊन गाडीसमोर गुडघ्यांवर बसले होते. जाळीसमोर धरला की पापड त्यांच्या तोंडावर येत होता. पंख्याने बाहेरची हवा आत ओढायची असते. हा आतली बाहेर फुंकत होता. उभ्या गाडीला तेवढं चालतं, कसा का होईना वारा मिळतो. पण हायवेला समोरून येणारा वारा एकीकडं, पंखा दुसरीकडं. दोघांची टक्कर होऊन रेडिएटरला काहीच मिळत नव्हतं. त्यांनी बॉनेट उघडलं, पंख्याच्या दोन वायरींवरची टेप सोडली, बोट भाजून घेतलं आणि वायरींची अदलाबदल केली. पंखा पुन्हा घुमला. पापड समोर धरताच जाळीला टप्पकन चिकटला.

“चिकटला!” जिनेंद्र अंगणात नाचलेच.

“पण उलट्या जोडल्या कुणी?” त्रिशलाबाईंनी विचारलं.

“त्या आकारामला जाऊन धर आधी,” आक्का म्हणाली.

जिनेंद्रांनी हातातली जुनी टेप निरखून बघितली. दिवाळीच्या सुट्टीत पंख्याचं जळकं सॉकेट कापून दोन्ही काळ्या वायरी नुसत्या टेपनं जोडणारा माणूस त्यांना अगदी स्पष्ट दिसत होता. अंगात त्यांचाच जुना बनियन होता.

“मीच,” ते म्हणाले.

त्रिशलाबाई ताकाचे पेले गोळा करून आत गेल्या. ह्याची जिनेंद्रांना जास्त भीती वाटली.

जेवून अडीचला ते निघाले. घाटात काटा मधोमध बसला तो बसला. स्तवनिधीला आज लांबूनच हात जोडले. गाडी वाऱ्यासारखी धावत होती. आजारी गाडी विकणं वेगळं. ही चांगली धडधाकट होऊन चालली होती. पण पाच वाजताचा शब्द दिला होता.

निपाणीपाशी त्रिशलाबाई म्हणाल्या, “थांबवा. जरा मी चालवतो.” रोज आपल्या छोट्या गाडीतून शाळेत शिकवायला जाणाऱ्या त्रिशलाबाईंनी ह्या गाडीच्या स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता. “जायाच्या आधी बघू तरी, काय एवढं हाय तिच्यात.”

जिनेंद्र डावीकडं बसले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या नजरेसमोर काटा नव्हता. बाहेर ऊस मागं पळत होता, उघड्या खिडकीतून वारा येत होता, इंजिन खालच्या पट्टीत गुणगुणत होतं. कागलच्या आधीच त्यांचा डोळा लागला.

फोन वाजला तेव्हा ते दचकून जागे झाले. समोरून एक पाटी सर्रकन गेली : कराड १२.

“अगं, कराड? कोल्हापूर कुठं गेलं?”

“मगाशीच.”

फोनवर बाळासो होते. “मगदूमसाहेब, पाच वाजलं. दारात उभा हाय, घराला कुलूप. कुठं हायसा?”

जिनेंद्रांनी फोनवर हात ठेवून बायकोकडं बघितलं. त्रिशलाबाईंचे केस वाऱ्यावर सुटले होते, आणि त्या एका मालट्रकला मागं टाकण्यात गुंतल्या होत्या.

“सांगा त्यास्नी, गाडी तापलीया. घाटात अडकलोय.”

“कुठल्या घाटात म्हणून सांगू?”

त्रिशलाबाईंनी गिअर बदलला.

“फुडं येईल की कुठला तरी.”