सत्तेचाळीस पोस्टकार्डं

जनार्दन सबनीस छातीशी खोकं धरून सायकल-रिक्षातून उतरले, तेव्हा सुलोचनाबाईंना वाटलं, लग्नाच्या बावीस वर्षांत नवऱ्यानं पहिल्यांदाच आपण होऊन मिठाई आणली. खोकं उघडल्यावर आत कळाच कळा निघाल्या.

"हे काय आणलंत?"

"कॉम्प्युटर."

"घरात?"

"घरगुतीच आहे. राजा पार्कच्या शेषरावांची पुढच्या महिन्यात बदली आहे. त्यांच्या मेहुण्यानं विलायतेहून आणलेला, आता जुना झाला. म्हणाले, तुम्ही घेऊन जा."

सत्याऐंशी सालचा जानेवारी होता. जयपूरच्या बनी पार्कातल्या त्या दोन खोल्यांत सकाळचं ऊन खिडकीशी येऊन पाहुण्यासारखं बसायचं आणि चहा होण्याआधीच उठून जायचं. त्या उन्हात जनार्दनरावांनी यंत्र मांडलं. त्याला पडदा नव्हता, पडदा म्हणून घरचा टीव्ही लावायचा. दिवे गेले की सगळं विसरायचं, म्हणून जपून ठेवायला घरचा टेपरेकॉर्डर जोडायचा.

"म्हणजे टीव्ही आपला, टेप आपला," सुलोचनाबाई म्हणाल्या. "मग ह्याचं स्वतःचं काय?"

"ह्याची मेमरी. चार हजार अक्षरं मावतात."

"माझ्या आईच्या एका पत्रात तेवढी असायची."

"जुनं आहे गं. शेषराव म्हणाले, हलकंसलकं काम द्या, फार ओझं घालू नका."

"असं माझ्याबद्दलही कुणीतरी सांगायला हवं होतं तुम्हाला."

जनार्दनराव रेल्वेच्या वेळापत्रक विभागात होते. गाडी किती वाजता कुठे पोचते हे ते झोपेतही सांगत. मनात काय पोचतं, कधी पोचतं, याचं वेळापत्रक मात्र त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं. त्यांनी टीव्हीमागची अँटेनाची वायर काढून तिथे यंत्राची वायर खुपसली.

तिथून घराची घडी बिघडायला सुरुवात झाली.

घरमालकांच्या आई, ज्यांना सगळे माजी म्हणत, दर रविवारी सकाळी वरती टीव्ही पाहायला येत. त्या आल्या, पाटावर बसल्या, पदर सारखा केला आणि बराच वेळ काळ्या पडद्यावरचा एक लुकलुकता चौकोन पाहत राहिल्या.

"जनार्दनजी, म्हारो प्रोग्राम कठै ग्यो?"

"माजी, दोन दिन रुकिए."

"यो काईं है?"

"यह पूछ रहा है कि क्या लिखूँ."

"तो लिख दो के माजी बैठी है," माजी म्हणाल्या आणि पाय आपटत खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याची मोटर लावली, घरातले दिवे क्षणभर मिणमिणले आणि जनार्दनरावांनी दोन तास टाइप केलेलं वेळापत्रक यंत्रानं जिथल्या तिथे सोडून दिलं. म्हणून मग टेपरेकॉर्डर जोडावाच लागला. कॅसेट जयंतीची होती, गाण्यांची. जयंती दहावीत होती आणि तिचं मराठी हिंदीचा हात धरून चालायचं.

"बाबा, मतलब माझी गाणी गेली ना पूर्ण?"

"गेली नाहीत. त्यांच्यावर माहिती बसली."

कॅसेट वाजवून पाहिली, तर आतून चिरका, किंचाळता आवाज निघाला. खालून माजींनी विचारलं, बिल्ली दबी के?

सुलोचनाबाईंना या सगळ्याचं फार काही वाटलं नसतं. पण त्या वर्षीचं हळदीकुंकू त्यांच्याकडे होतं.

जयपूरभर विखुरलेल्या मराठी घरांतल्या बायकांची एक वही होती. रेल्वेच्या, बँकांच्या, विम्याच्या बदल्यांनी इथवर आलेली सारी घरं त्या वहीत होती. ज्या घरी त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू, त्या घरी तेवढ्यापुरती ती वही. तेलकट पानं, कडेला हळदीचे अंगठे. आणि प्रत्येक नावापुढे बोटानं लावलेला कुंकवाचा एक ठिपका. वर्षाचं आवतण द्यायच्या आधी नावाला कुंकू लावायचं, हा त्यांचा रिवाज.

तो यमुनाकाकूंनी पाडला होता. वहीही त्यांचीच. अमरावतीकडच्या काकू तारघरातल्या बळवंतरावांशी लग्न करून इथे आल्या, तेव्हा या शहरात त्यांच्याशी मराठीत बोलणारं कुणी नव्हतं. म्हणून पुढे बदलीवर नवी सून आली की काकू पहिल्या दिवशी तिच्या दारात हजर. सुलोचनाबाई आल्या तेव्हा स्टेशनवरून आलेलं सामान उतरत होतं आणि त्या कोपऱ्यात रडत उभ्या होत्या. काकूंनी त्यांच्या ओंजळीत तिळाची वडी ठेवली होती आणि जात्यावर म्हणावी तशी, चालीवर ओवी म्हटली होती:

*परमुलखा लेकी जाती, त्यांच्या हाती काय देऊ*
*तीळ देऊ, गूळ देऊ, ओळखीचं नाव देऊ*

दोन वर्षांपूर्वी बळवंतराव गेले. तेरा दिवस झाल्यावर काकूंनी वही सुलोचनाबाईंच्या हाती दिली, ती स्वतःच्या नावापुढचा ठिपका नखानं खरवडून. आणखी दोघींच्या नावापुढेही आता ठिपका नव्हता. त्या तिघींना बोलवायचं नसतं, हे कुणी कुणाला सांगत नव्हतं. सगळ्यांना माहीतच होतं.

"दोन वर्षं झाली," वही उलगडून सुलोचनाबाई म्हणाल्या. "काकूंना बोलवता येत नाही. आणि त्यांच्याशिवाय मला तीळ भाजवत नाहीत, करपतात. बोलवलं आणि त्यांना वाटलं की हिनं थट्टा केली, तर? आईनंतर माझं त्यांच्याइतकं कोण आहे इथं?"

जनार्दनराव यंत्राच्या कळा पुसत होते. ते म्हणाले, "वही दे इकडे. यादी यंत्रात घालू."

"मी काय म्हणतेय?"

"ऐकलं. वही दे."

तीन संध्याकाळी ते वही मांडीवर घेऊन टीव्हीपुढे बसले. वहीत नावांपेक्षा नावांभोवतालचंच जास्त होतं. 'हिला शेंगदाणे चालत नाहीत.' 'हिला सासू सोडत नाही, आधी सासूला विचारणे.' 'हिच्याशी मुलाचा विषय काढू नये.' ठिपक्यांच्या जागी जनार्दनरावांनी एकेक चांदणी टाकायचं ठरवलं, कारण टीव्ही काळापांढरा होता आणि कुंकू त्यात उतरायला तयार नव्हतं. निम्म्या यादीवरच पडद्यावर सूचना आली.

"काय म्हणतंय?"

"जागा संपली म्हणतंय."

"मग?"

"शेंगदाणे काढतो."

शेंगदाणे गेले. सासवा गेल्या. कुणाशी कसला विषय काढू नये, तेही गेलं. शेवटी चांदण्या गेल्या आणि सत्तेचाळीस नावं आपापल्या पत्त्यांसकट पडद्यावर उभी राहिली, एकसारखी, पांढरी, शाळेच्या रांगेतल्या मुलींसारखी.

छापायचं यंत्र नव्हतं. तेव्हा जनार्दनरावांनी पडद्यावर एकेक नाव आणलं आणि ते पाहून स्वतःच्या हातानं पोस्टकार्ड लिहिलं. जयंतीनं विचारलं, "बाबा, वहीत पाहून लिहिलं असतं तर जल्दी झालं असतं ना?"

"त्यात शिस्त राहत नाही," ते म्हणाले.

गठ्ठा पेटीत पडल्यावर दोन दिवसांनी सुलोचनाबाई वाण मोजायला बसल्या. लाखेच्या लहान डब्या होत्या. त्यांनी ठिपके मोजले, डब्या मोजल्या, आणि मग कोनाड्यातल्या कोऱ्या पोस्टकार्डांकडे त्यांचं लक्ष गेलं.

"अहो, पन्नास आणली होती ना? ही तीनच उरली?"

"सत्तेचाळीस लागली."

"ठिपके चव्वेचाळीस आहेत."

जनार्दनरावांनी वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

"अहो. काकूंना कार्ड गेलं?"

"चांदण्या निघाल्या ना. यंत्राला जागा नव्हती. ते नाव दाखवत गेलं, मी लिहीत गेलो."

सुलोचनाबाई ताडकन उठल्या. डब्या गडगडल्या. मग त्यांच्या मनात याहून वाईट काहीतरी आलं.

"नावाआधी सौभाग्यवती लिहिलंत सगळ्यांच्या?"

"लिहायचं असतं ना."

"काकूंच्याही?"

"आता सत्तेचाळीसांतलं एकेक कुठं आठवणार?"

"जा," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की जनार्दनरावांनी लगेच चपला घातल्या. "पोस्टमनला गाठा. पाया पडा त्याच्या."

संक्रांत परवाच होऊन गेली होती, पण गच्च्यांवरून पतंग उतरले नव्हते. रस्त्यावर मान वर करून धावणारी पोरं, तारांना लटकलेले रंगीत कागद, आणि त्यांतून सायकल हाणत जनार्दनराव तासाभरानं परत आले. गळ्याला मांज्याचा ओरखडा होता.

"भेटला?"

"भेटला. कालच टाकलं म्हणाला. स्वतः काकूंच्या हातात दिलं."

"काही म्हणाल्या का त्या?"

"त्याला पाणी दिलं म्हणे."

सुलोचनाबाईंनी ह्या पाण्याचे दिवसभर निरनिराळे अर्थ लावले. काकूंकडे जाऊन माफी मागावी, असं चारदा ठरवलं आणि चारदा चपला काढून ठेवल्या. माफी मागायची म्हणजे 'तुम्हाला चुकून बोलावलं' असं सांगायचं, आणि हे वाक्य त्यांना कोणत्याही बाजूनं गोड करता येईना.

शनिवारी चार वाजता बायका येऊ लागल्या. पुरुषांना गच्चीवर पिटाळलं होतं. शेषरावांच्या रत्नमालाबाई पहिल्या आल्या. जयंती अत्तर लावत होती, सुलोचनाबाई हळद, कुंकू, तिळगूळ, वाण असं हातानं देत होत्या आणि डोळ्यांनी जिना पाहत होत्या. शेंगदाणे न चालणाऱ्या बाईंनी चिवड्याची बशी परत केली. सासूला न विचारलेल्या सूनबाई आल्याच नव्हत्या, त्यांची सासू आली होती, भांडायला. एकूण, यंत्र जे जे विसरलं होतं ते सगळं माणसांच्या रूपानं एकेक करून वर येत होतं.

सव्वापाचला जिन्यावर काठी वाजली. यमुनाकाकू दारात उभ्या होत्या. धुवट राखी लुगडं, हातात पोस्टकार्ड. मागे त्या दुसऱ्या दोघीजणी, एकमेकींच्या पदराला धरून.

गच्चीवर पतंग कापून कुणीतरी 'वो काटा' म्हणून ओरडलं, तेवढं ऐकू आलं.

"काकू," सुलोचनाबाई पुढे झाल्या आणि जे बोलायचं नाही असं ठरवलं होतं तेच बोलल्या. "काकू, माझी चूक नाही हो. ते यंत्र आहे ना, जुनं आहे, त्यात जागा नाही. चांदण्या काढाव्या लागल्या. त्यानं सगळ्यांनाच..."

"काय बोलून राहिली व? बसू तर दे," काकू म्हणाल्या. सतरंजीच्या मधोमध बसल्या, दोघींना शेजारी बसवलं. "ह्या येत नव्हत्या. ओढून आणलं. कुठी हाय ते मशीन?"

जयंतीनं बोट दाखवलं. काकूंनी टीव्हीवरच्या त्या कळांच्या पेटीकडे नीट पाहून घेतलं.

"हे लिहिते?"

"नाही काकू," जयंती म्हणाली. "ते फक्त नाव दाखवतं. लिहिलं बाबांनी, हातानं."

"मले वाटलंच. रत्नमाला, तुह्या कार्डावर काय हाय व?"

रत्नमालाबाई गोंधळल्या. "सौभाग्यवती रत्नमाला यांस, शनिवारी दुपारी चार वाजता हळदीकुंकू आहे, अवश्य यावे. एवढंच. सगळ्यांना तेच होतं ना?"

काकूंनी आपलं कार्ड चष्म्याजवळ नेलं आणि वाचलं, शाळेत वाचावं तसं, शब्द शब्द तोडून. "यमुनाकाकूंस साष्टांग नमस्कार. शनिवारी दुपारी चार वाजता हळदीकुंकू आहे. दोन वर्षं आमच्याकडचे तीळ करपतात. सुलोचना बोलवायला भिते, म्हणून मी बोलावतो. येताना त्या दोघींनाही आणावे. जनार्दन."

सुलोचनाबाईंच्या हातातलं तबक कलतं झालं. जयंतीनं ते धरलं.

"बोलाव त्याले खाली," काकू म्हणाल्या.

जनार्दनराव आले. दोन बोटांना मांज्यानं कापलं होतं, टाचेला कुणाच्या तरी पतंगाची शेपटी चिकटली होती. इतक्या बायका एकदम आपल्याकडे पाहताहेत असा प्रसंग त्यांच्यावर लग्नानंतर आला नव्हता.

"काय रे जनार्दन, मशीनमधी जागा नव्हती म्हणते ही."

"नव्हती, काकू."

"मंग हे एवढं कुठून आलं?"

जनार्दनरावांनी बायकोकडे पाहिलं नाही. ते टीव्हीकडे पाहत म्हणाले, "कार्डावर होती."

कुणीतरी आधी हसलं. मग भांडायला आलेली सासूसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. काकूंनी हात झटकला. "जाय आता वर. इथं बायकांचं काम हाय."

ते दोन-दोन पायऱ्या चढत गेले. हसणं ओसरल्यावर रत्नमालाबाईंनी, जरा चाचरत, रिवाज म्हणून विचारलं, "काकू, नाव घेता?"

काकूंनी त्या दोघींच्या हातांवर हात ठेवला आणि जुन्याच चालीवर म्हटलं:

*तारेवरून निरोप गेला जयपूर ते वऱ्हाड,*
*बळवंतरावांच्या नावाले कशाची हो आड?*

सुलोचनाबाई तबक घेऊन समोर बसल्या होत्या. हळद लावून झाली होती. कुंकवात बुडवलेलं बोट हवेतच थांबलं होतं, काकूंच्या कपाळापासून वीतभर अलीकडे, आणि ते काही केल्या पुढे सरकत नव्हतं.

काकूंनी वाट पाहिली. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"जवळ ये व बाई," त्या म्हणाल्या. "इतक्या दुरून लागते का कोणाले?"