भाऊजींची धानाची फौज

दुपारचे दोन वाजले की आमचे भाऊजी घरात जर्मन फौज सोडतात.

फौज धानाची. कारधा गावातल्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीच्या फरशीवर खडूने फ्रान्स काढलेला आहे आणि त्यावर एकेक दाणा टोक पश्चिमेकडे करून मांडलेला. वाऱ्याने आघाडी हलू नये म्हणून खिडक्या बंद. भर दुपारी आत दिवेलागणीचा अंधार. आलेल्या माणसाने भिंतीला पाठ घासत, जिंकलेल्या मुलखातूनच चालायचं.

दूधवाला उंबरा ओलांडत नाही. बाहेरूनच ओरडतो, "काका, पॅरिसले पोचली का फौज?"

"नाही ना बाबू! तेच तर पाहून राहिलो, काहून नाही पोचत."

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. गेल्या वर्षी ताई नागपूरच्या दवाखान्यात तीन महिने होती. बाहेरच्या बाकावर बसून वेळ जाईना, म्हणून मी त्यांना आमच्या वाचनालयातलं पहिल्या महायुद्धाचं जाड पुस्तक नेऊन दिलं. ताई तिथेच वारली. भाऊजी पुस्तक घेऊन घरी आले. तेव्हापासून ते येईल त्याला एकच प्रश्न विचारतात: "या लोकाइनं थांबायले कुठं पाहिजे होतं?"

फरशीवरची लढाई १९१८ च्या वसंतातली. तीन वर्षांत मिळाली नव्हती तेवढी जमीन जर्मनांनी काही दिवसांत घेतली. पण ज्या रेल्वे जंक्शनवर सगळं अवलंबून होतं, ते हाती आलं नाही. तोफा, दाणागोटा मागेच राहिला. उपाशी शिपाई इंग्रजांची कोठारं दिसली की तिथेच खात बसले.

भाऊजींची नोकरी तुमसरच्या राइस मिलमध्ये, माल रवाना करण्यात गेली. त्यांना यात नवल वाटत नाही. "ड्रायव्हरले जेवन नाही देल्लं, तर ट्रक लाखनीच्या ढाब्यावर थांबनच. जर्मनीचा असो का तुमसरचा." मग आवाज एकदम खाली येतो. "रोज सांगत होते, आज इतकं पुढं गेलो. रोज खुशखबर. आन् हरून राहिले होते."

एकदा निघताना मी आघाडीपुढे खडूची रेघ ओढली. दुसऱ्या दुपारी दाणे रेघेच्या चार बोटं पुढे होते.

"तुम्ही सरकवले?"

"मी कायले सरकवू?" ते दाण्यांकडे बघतच म्हणाले. "त्याइले थांबवनारा कोनी नाही."

मुंग्या असतील, उंदीर असतील, असं मी स्वतःला सांगितलं. पण मुंग्या दाण्यांची टोकं एका दिशेला लावून ठेवत नाहीत.

मागच्या आठवड्यात गेले, तेव्हा फौज मधल्या खोलीच्या दाराशी पोचली होती. आत ताईची खाट आहे, गादी गुंडाळलेली. भाऊजी दारात उकिडवे बसले होते. त्या दिवशी त्यांनी फ्रान्सचं नाव काढलं नाही.

"तिले घरी यायचं होतं, सुमन. दुसऱ्या ऑपरेशनच्या आधीच म्हने, मले कारध्याले न्या. पन मोबाईलवर रिपोर्ट चांगले येऊन राहिले होते. म्हनून मी पुढं, पुढं..."

अंधारात कुठेतरी धान पायाखाली यावं तसं कुरकुरलं. आम्ही दोघंही हललो नव्हतो.

वर्षभर जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ते बोलले. "भाऊजी, तुम्ही थांबायला तयार होतात. आणखी एक ऑपरेशन करू, हे मी म्हणाले होते."

त्यांनी एक वाकडा झालेला दाणा बोटाने सरळ केला.

"मालूम हाय मले," ते म्हणाले. "पुस्तकात हुकूम देनारे दोघं जन आहेत. इथं मी एकच ठेवला, तो मी."