न नेलेला फोटो

जेवणाच्या टेबलावर घरातले सगळे अल्बम उपडे पडले होते आणि एकातही आई नव्हती. अगदीच नव्हती असं तरी कसं म्हणावं? कॅमेऱ्याला टायमर लावून ती धावत यायची आणि दरवेळी तिला उशीर व्हायचा. म्हणून एका फोटोत नुसतं कोपर, एकात पाठमोरा अंबाडा, एकात चपलेतला पाय. बाकीचं घर मात्र छान हसत, शिस्तीत बसलेलं. सकाळपासून शोधून शोधून लेक रडकुंडीला आली होती.

फोटो स्टुडिओ आईनं चालवला. पाटीवर नाव वडिलांचं, कारण 'मालक' ते. गाव त्यांना मालक म्हणायचं, घरचेही मालकच म्हणायचे. मालकांनी जन्मात कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. दारात खुर्ची टाकून गप्पा हाणायच्या आणि गिऱ्हाइकाला आत पाठवायचं, एवढाच त्यांचा धंदा. आता कुठे कलादालनात 'कॅमेऱ्यामागच्या बायका : काल आणि आज' असं प्रदर्शन भरत होतं आणि आईच्या फोटोंना अख्खी भिंत मिळाली होती. खाली तिचं स्वतःचं नाव. पण तिची नजर झपाट्यानं जात चालली होती. "एकदा ते नाव बघू दे गं मला. मग अंधार झाला तरी चालेल," ती लेकीला म्हणाली होती.

आणि आता प्रदर्शनाच्या संयोजिकेचा पुन्हा फोन. "छायाचित्रकाराचा फोटो लागेलच. नाहीतर भिंत दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

"आत्ताचा काढून दिला तर?"

"अहो, त्या 'काल'मध्ये आहेत. 'काल'मध्ये आत्ताचा कसा चालेल?"

लेकीनं कपाळावर हात मारला आणि माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात गिऱ्हाइकांनी काढून घेतले पण कधी नेले नाहीत असे फोटो होते. शोधता शोधता एक बाई सापडली. आईच्याच बांध्याची, आईसारखीच जरा दमलेली. आईला इतकं बारीक आता दिसत नव्हतं, म्हणून लेकीनं तो फोटो मालकांपुढे धरला. "मालक, ही आईच ना हो?"

मालकांनी चष्मा लावला. "म्हणजे काय! विसरेन होय मी? याच कपड्यांत हिला पहिल्यांदा पाहिली."

लेकीला हसावं की रडावं कळेना. पण नवऱ्यानंच ओळख पटवल्यावर बोलणार कोण? फोटो गेला.

उद्घाटनाच्या दिवशी ती बाई भिंतीवर दाराएवढी मोठी होऊन लटकली होती. पाहुण्यांचं भाषण रंगात आलं आणि नेमका प्रसाधनगृहातला नळ फुटला. नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. तो हातात पाना घेऊन आत शिरला, भिंतीपाशी आला आणि पाना खाली पडला.

"ही माझी आई आहे!"

संयोजिका हरखूनच गेली. छायाचित्रकाराचा मुलगा! तिनं त्याला ओढत व्यासपीठावर नेलं. तो ओल्या बाह्यांनी डोळे पुसत म्हणाला, "आई फोटो काढायची? आम्हाला कधी बोलली नाही. लोकांची धुणी धुवायची ती."

"बघा, किती दबलेली प्रतिभा!" पाहुणे म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मालक ताडकन उठले. "ए, ती माझी बायको आहे!"

"ओ, तोंड सांभाळा! माझा बाप जिवंत आहे अजून!"

सगळ्यांनी एकदा भिंतीवरच्या बाईकडे पाहिलं, एकदा मालकांकडे. लेकीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

आई काठी टेकत भिंतीशी गेली. नाक फोटोला लागेपर्यंत वाकली. "ही होय? फोटो काढून गेली ती परत आलीच नाही. डोळ्याखाली काळं होतं. मी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून घालवलं."

"मारलं होतं बापानं," नळवाला म्हणाला. "परत कुठून येणार? त्याच आठवड्यात वारली. घरात एकही फोटो नाही तिचा. मी तर तिचा चेहरासुद्धा विसरलो होतो. आत्ता बघितला तेव्हा आठवला."

आईनं फोटोतल्या डोळ्याखाली बोट ठेवलं. "मी ते काळं पुसायला नको होतं रे," ती म्हणाली. मग लेकीकडे वळली. ओरडेल असं वाटलं, पण ओरडली नाही. "उतरव. त्याला दे. चुरगळू नको."

ती भलीमोठी आई खांद्यावर घेऊन नळवाला गेला. नळ तसाच वाहत राहिला.

भिंतीवर आईनं काढलेल्या फोटोंच्या मधोमध एक खिळा उरला, दाराएवढी कोरी जागा आणि खाली आईच्या नावाची पाटी. संयोजिका रडायच्या बेतात होती. तेवढ्यात उशिरा आलेला वार्ताहर त्या कोऱ्या जागेसमोर थबकला. "वा! कमाल आहे! सगळ्या प्रदर्शनात हेच काळजाला भिडलं. जागा रिकामी ठेवायची कल्पना कुणाची?"

"माझी," मालक म्हणाले. जन्माची सवय ती.

लेक संतापून पुढे झाली, पण आईनं तिला हातानं थांबवलं. ती वाकून, पाटीवर बोट ठेवून, आपलं नाव एकेक अक्षर करत वाचत होती. वाचून पूर्ण झाल्यावर मान वर न करताच म्हणाली,

"लिहून घ्या हो. खरं बोलतायत ते. आमच्या घरात ती जागा त्यांनीच रिकामी ठेवलीय."